डॉक्टर व्हायचंय, पण आधी कुठलं कॉलेज? अमेरिकेतलं प्री-मेड समजून घेताना

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भाचीचे कॉलेजचे निकाल आले आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आईचा फोन. "मेडिकलला नंबर लागला का गं?" मी म्हटलं, "आई, इथे बारावीनंतर मेडिकलला नंबर लागत नाही. आधी चार वर्षं कॉलेज, मग मेडिकल." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण ती प्री-मेडला जाणार होती ना?"

हा गोंधळ एकट्या आईचा नाही. न्यू जर्सीत वीस-वीस वर्षं राहिलेल्या आईवडिलांचाही होतो आणि त्यात नवल नाही. आपण पाहिलेली वाट सरळ होती: बारावी, प्रवेश परीक्षा, एमबीबीएस. अमेरिकेतली वाट मुलांना मध्येच चार वर्षं एका मोठ्या मैदानात आणून सोडते. पलीकडच्या दारापर्यंत ज्याचं त्याने पोचायचं. ते मैदान कुठलं निवडायचं, हा प्रश्न दर एप्रिलमध्ये घराघरात पडतो, कारण बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवून अनामत भरायची असते. माझा मुलगा या वाटेने गेला, आता भाची निघाली आहे. दोघांच्या निमित्ताने जे कळलं, ते नीट मांडते.

प्री-मेड नावाची पदवी नसते

प्री-मेड ही शाखा नाही आणि पदवीही नाही. बहुतेक कॉलेजांत तिला वेगळा प्रवेशही नसतो. "मला पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करायचा आहे" असं ठरवून ठरावीक विषय पुरे करायचे, एवढाच तिचा अर्थ. साधारणपणे एक वर्ष बायोलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि एक वर्ष फिजिक्स, हे सगळं प्रयोगशाळेसकट. शिवाय बायोकेमिस्ट्री, थोडं गणित किंवा संख्याशास्त्र आणि इंग्रजी लेखन. २०१५ मध्ये एमकॅट या प्रवेश परीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग आला, तेव्हापासून बरीच मुलं तेही विषय घेतात. एवढं करून पदवी कशातही घेता येते. इतिहासात घ्या, संगीतात घ्या, बायोलॉजीत घ्या.

अशी विचित्र रचना झाली कशी? आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेत आल्या, इथे न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या अमेरिकन बाईंच्या घरी राहिल्या आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाल्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. आधी चार वर्षं दुसरी पदवी घ्या, असं त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण तेव्हा तशी अट नव्हती. १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल सुरू झालं आणि त्याने प्रवेशासाठी पदवी मागायला सुरुवात केली. त्या काळात देशभर मेडिकल कॉलेजांचं पीक आलं होतं. फी भरा आणि डॉक्टर व्हा, अशीही अनेक होती. शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ कॉलेजं पाहून १९१० मध्ये अहवाल लिहिला. मेडिकलला येणाऱ्याचा विज्ञानाचा पाया कॉलेजमध्येच पक्का झालेला असावा, असा त्याचा आग्रह होता. त्यानंतर निकृष्ट कॉलेजं भराभर बंद पडली आणि आधी कॉलेज, मग मेडिकल हीच रीत झाली. प्री-मेड ही त्या अटीची सावली आहे.

मेडिकल स्कूल नेमकं काय बघतं

एमडी (इथे हीच डॉक्टरकीची पहिली पदवी) देणाऱ्या मेडिकल स्कूलना दर वर्षी ५० हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात आणि साधारण २३ हजारांना प्रवेश मिळतो. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे कॉलेजच्या श्रेणींची चारपैकी सरासरी, ३.८ च्या आसपास असतो आणि एमकॅटचे गुण ५१२ च्या आसपास. एमकॅटची पट्टी ४७२ ते ५२८ अशी आहे. (ऑस्टिओपॅथीची डीओ ही पदवी देणारी कॉलेजं वेगळी. त्यांचे डॉक्टरही तितकेच पूर्ण डॉक्टर असतात आणि त्याच रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाला, जातात. आपल्याकडे त्या वाटेला उगाच नाक मुरडलं जातं.)

गुणांखेरीज दवाखान्यात पेशंटच्या सहवासात घालवलेले तास, डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघणं, म्हणजे शॅडोइंग, संशोधन, समाजसेवा, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, निबंध आणि शेवटी मुलाखत. या यादीत कॉलेजचं नाव कुठे? आहे, पण खूप खाली. अगदी चोखंदळ मेडिकल स्कूलमध्ये नावाजलेल्या कॉलेजांची मुलं जास्त दिसतात हे खरं. पण ती मुलं बारावीलाच हुशार होती, त्यात कॉलेजचा वाटा किती आणि मुलांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मात्र एक नक्की: नामांकित कॉलेजचा ३.४ आणि राज्याच्या विद्यापीठाचा ३.९ शेजारी ठेवले, तर नाव त्या ३.४ ला फारसं वर उचलत नाही.

म्हणून मी भाचीला म्हटलं, "कुठलं कॉलेज मोठं हे विचारू नकोस. चार वर्षांनी तुझा अर्ज कुठून जास्त भक्कम निघेल, ते विचार." या लेखात मला सांगायचंय ते एवढंच. बाकी सगळा त्याचा तपशील आहे.

"आमची ९० टक्के मुलं मेडिकलला जातात"

कॉलेज बघायला गेलात की हे वाक्य कुठे ना कुठे ऐकू येतंच. माझा मुलगा शाळेत असताना एका कॉलेजच्या माहितीसत्रात मीही ते ऐकलं आणि वहीत दोनदा अधोरेखित केलं. देशभरात अर्जदारांपैकी चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनाच प्रवेश मिळतो, मग ९० म्हणजे केवढं मोठं! तो आकडा तयार कसा होतो, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. ते उदाहरणाने सांगते. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, पद्धत खरी आहे.

समजा, एका कॉलेजात पहिल्या वर्षी ४०० मुलं म्हणतात, आम्ही प्री-मेड. पहिल्या केमिस्ट्रीत शंभर-दीडशे गळतात, ऑर्गॅनिकमध्ये आणखी शंभर. काही जणांना मनापासून दुसरंच काही आवडायला लागतं आणि ते चांगलंच होतं. शेवटी अर्ज करायला उरतात १००. आता अनेक कॉलेजांत एक समिती असते. ती विद्यार्थ्याचं सगळं काम पाहून कॉलेजच्या वतीने एकच मोठं शिफारसपत्र लिहिते, त्याला कमिटी लेटर म्हणतात. पत्र चांगलं असेल तर त्याला वजन असतं. पण काही ठिकाणी ही समिती कमी गुणांच्या मुलांना पत्रच देत नाही, किंवा "यंदा नको, थांब" असं सुचवते. शंभरातल्या साठांनाच पत्र मिळालं, त्यातल्या ५४ जणांना प्रवेश मिळाला, की ९० टक्के झाले! आकड्यात खोटं काहीच नाही. पण सुरुवातीच्या ४०० मधले डॉक्टर झाले ५४, आणि तुमचं मूल त्या पहिल्या ४०० मध्ये उभं असणार आहे.

म्हणून हा आकडा कानावर पडला की तिथेच हात वर करून तीन गोष्टी विचारा. पहिल्या वर्षी किती जण प्री-मेड म्हणवत होते आणि त्यातल्या किती जणांनी अर्ज केला? समिती कुणाला पत्र नाकारते का? आणि या आकड्यात डीओचे, परदेशी कॉलेजांचे, दोन-तीन वर्षं थांबून अर्ज केलेल्यांचे प्रवेश मोजलेत का? काही ठिकाणी सरळ उत्तर मिळतं. पत्र सगळ्यांना देतो, असं सांगणारी कॉलेजं आहेत आणि त्यांचा टक्का कमी दिसतो. मला तीच जास्त भरवशाची वाटतात.

एका 'सी'चं गणित

माझ्या मुलाला पहिल्याच सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीत सी मिळाला. थँक्सगिव्हिंगच्या सुटीत घरी आला तेव्हाच चेहरा उतरलेला होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याने आम्हाला मधल्या परीक्षेचे गुण दाखवले आणि म्हणाला, "बाबा, माझं डॉक्टर होणं संपलं." शाळेत कधी बी न मिळालेला मुलगा तो. निकाल लागल्यावर मग आम्ही तिघांनी बसून कागदावर हिशेब केला.

जीपीए म्हणजे प्रत्येक विषयाच्या श्रेणीला त्याच्या क्रेडिटने, म्हणजे विषयाला दिलेल्या वजनाने, गुणून काढलेली सरासरी. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. चार क्रेडिटच्या विषयात सी आणि वर्षाच्या बाकी २६ क्रेडिटमध्ये ए असेल, तर पहिल्या वर्षाचा जीपीए ३.७३. पुढची तिन्ही वर्षं सगळे ए मिळाले, तर १२० क्रेडिटअखेर तो ३.९३ पर्यंत चढतो. पण मेडिकल स्कूल विज्ञान आणि गणिताच्या विषयांचा जीपीए वेगळा बघतात. ते विषय ४८ क्रेडिटचे धरले, तर तोच एक सी तिथे ३.८३ वर अडवतो. म्हणजे एका सीने कुणी बुडत नाही. तीन-चार झाले तर मात्र वर येणं फार कठीण.

आणखी एक नियम उशिरा कळतो. बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज एएमसीएएस नावाच्या एकाच व्यवस्थेतून जातो आणि तिथे कॉलेज पातळीवर घेतलेला प्रत्येक विषय मोजला जातो. विषय पुन्हा घेऊन ए मिळवला, तरी आधीचा सी पुसला जात नाही, दोन्ही धरतात. शाळेत असताना जवळच्या कम्युनिटी कॉलेजमधून घेतलेला विषयही त्यात येतो. सोळाव्या वर्षी उन्हाळ्यात हौसेने घेतलेल्या विषयाचा बी बाविसाव्या वर्षी अर्जात उभा राहतो.

हे सगळं कॉलेज निवडीशी कुठे जोडलेलं आहे? चाळणी लावायच्या पद्धतीशी. काही विद्यापीठांत पहिल्या केमिस्ट्रीच्या वर्गात तीन-चारशे मुलं असतात, श्रेणी एकमेकांच्या तुलनेत ठरतात आणि ए किती जणांना द्यायचा हे जवळपास आधीच ठरलेलं असतं. प्रिन्स्टनने तर २००४ मध्ये ए श्रेणी सरासरी ३५ टक्क्यांवर ठेवायचं धोरण उघडपणे आणलं आणि दहा वर्षांनी ते मागे घेतलं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत २०२२ मध्ये ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या ३५० मुलांपैकी ८२ जणांनी विषय फार अवघड शिकवला जातो म्हणून अर्ज दिला, प्राध्यापकांचा करार संपवला गेला आणि देशभर वाद झाला. बाजू कुणाचीही घ्या, या एका विषयावर मुलांचं किती अवलंबून असतं ते त्यातून दिसतं.

तेव्हा कॉलेजला भेट द्याल तेव्हा टूर देणाऱ्या हसतमुख मुलाला सोडा आणि केमिस्ट्रीच्या इमारतीबाहेर बसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कुणाला तरी विचारा: श्रेणी कशा ठरतात, शिकवणीची मोफत मदत मिळते का, प्राध्यापक कार्यालयीन वेळेत भेटतात का, मुलं एकमेकांना नोट्स देतात का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा किती वेळ विचार करतो, तेही बघा.

विषय कुठला घ्यावा, यावर आपल्याकडे एक ठरलेला सल्ला आहे: "बायोमेडिकल इंजिनिअरिंग घे, डॉक्टर नाही झालीस तर इंजिनिअर तरी होशील." काळजीपोटी दिलेला सल्ला आहे, पण मला तो पटत नाही. इंजिनिअरिंगचे विषय आणि प्री-मेडचे विषय एकत्र केले की श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि जीपीएला पहिला फटका बसतो. ज्याला इंजिनिअरिंग मनापासून आवडतं त्याने जरूर घ्यावं. मेडिकलच्या प्रवेशासाठी त्याला वेगळे गुण मिळत नाहीत. साहित्य किंवा तत्त्वज्ञान घेऊन अर्ज करणाऱ्यांचं प्रवेशाचं प्रमाण बायोलॉजीवाल्यांपेक्षा कमी नसतं. ज्या कॉलेजात विषय बदलणं सोपं, ते म्हणूनच बरं. अठराव्या वर्षी केलेला निश्चय विसाव्या वर्षी बदलू शकतो आणि तेव्हा मूल अडकायला नको.

शाळेतच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या, म्हणजे एपी, विषयांचं क्रेडिट वापरून चार वर्षांचं कॉलेज तीनात आटपायचं, हा आणखी एक लाडका बेत. काही मेडिकल स्कूल एपीचं बायोलॉजी-केमिस्ट्री चालवून घेत नाहीत, किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचा विषय केलेला मागतात. शिवाय जे वर्ष वाचलं, तेच पेशंटमध्ये आणि प्रयोगशाळेत घालवायचं वर्ष असतं. आता बहुसंख्य मुलं तर पदवीनंतर एखादं वर्ष थांबून, अनुभव घेऊन मगच मेडिकलला जातात.

हॉस्पिटल किती लांब आहे

कॉर्नेलचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण कॉर्नेलचं कॉलेज इथाकाला आहे आणि त्याचं मेडिकल स्कूल न्यूयॉर्क शहरात, गाडीने चार तासांहून दूर. हॉपकिन्सचं कॉलेज आणि मेडिकल स्कूल एकाच शहरात असलं, तरी वेगवेगळ्या भागांत आहे, मध्ये शटल चालते. प्रिन्स्टनला मेडिकल स्कूलच नाही. उलट पिट्सबर्ग विद्यापीठाच्या वर्गातून बाहेर पडलं की मोठमोठी हॉस्पिटलं पायी अंतरावर. मेडिकल स्कूल त्याच विद्यापीठाचं असलं म्हणजे तिथे प्रवेश सोपा, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. जवळिकीचा फायदा वेगळा: दोन तासांच्या मधल्या वेळात जाऊन येता येतं. गाडी नसलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला हे फार महत्त्वाचं.

भाचीला घेऊन मी रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या राज्य विद्यापीठात, गेले, ते हेच बघायला. न्यू ब्रन्सविकला स्टेशनवर उतरलो आणि रॉबर्ट वूड जॉन्सन हॉस्पिटलपर्यंत चालत गेलो. मग विद्यापीठाच्या बसने नदी ओलांडून पिस्कॅटवेच्या बुश कॅम्पसला, जिथे विज्ञानाचे वर्ग भरतात. बसमध्ये स्टेथोस्कोप नव्हे, पण हॉस्पिटलातला निळा पोशाख, स्क्रब, घातलेली एक मुलगी होती. भाचीने धीर करून तिला विचारलं. ती तिसऱ्या वर्षाला होती, आठवड्यातून दोन संध्याकाळी इमर्जन्सीत डॉक्टरांच्या नोंदी टिपायचं, म्हणजे स्क्राइबचं काम करायची. "सुरुवातीला मला फक्त टायपिंग वाटलं होतं," ती म्हणाली, "आता डॉक्टर पुढचा प्रश्न काय विचारणार ते आधी कळतं." भाचीने त्या संध्याकाळी घरी येऊन हेच वाक्य तिच्या आईला तीनदा सांगितलं.

शिफारसपत्रांचंही असंच. मेडिकल स्कूल साधारण दोन विज्ञानाच्या आणि एका दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाचं पत्र मागतात. चारशेच्या वर्गात प्राध्यापकाला मुलाचं नावही ठाऊक नसतं. इथे मुख्यतः पदवीचंच शिक्षण देणाऱ्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची ताकद कळते: स्वार्थमोर, हॅवरफोर्ड, विल्यम्स, अॅमहर्स्ट. आपल्याकडे लग्नात कुणी ही नावं घेतली तर ऐकणाऱ्याला कळत नाहीत, म्हणून आपण ती बघतही नाही. तिथे पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत पदवीचीच मुलं काम करतात. मोठ्या विद्यापीठातही हे जमतं, फक्त तिथे स्वतःहून दार ठोठवावं लागतं. तुमचं मूल तसं आहे का, हे तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा जास्त चांगलं ठाऊक असतं.

पैसा आणि राज्य

भाचीपुढे दोन पर्याय होते. दुसऱ्या राज्यातलं एक नावाजलेलं खाजगी विद्यापीठ, राहण्या-जेवणासकट वर्षाला ८८ हजार डॉलर, मदत काहीच नाही. आणि रटगर्स, थोडी शिष्यवृत्ती धरून त्यापेक्षा वर्षाला ५० हजारांनी स्वस्त. चार वर्षांत फरक दोन लाख डॉलरचा.

हे दोन लाख आता पूर्वीपेक्षा जड झाले आहेत. आतापर्यंत मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारच्या ग्रॅड प्लस कर्जातून सगळा खर्च भागवता यायचा. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते कर्ज बंद केलं आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख, अशी मर्यादा घातली. खाजगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा सगळा खर्च साडेतीन ते चार लाखांच्या घरात जातो. वरची रक्कम घरातून किंवा खाजगी बँकेच्या कर्जातून आणायची. कॉलेजच्या नावावर आधीच दोन लाख खर्च केले, तर नेमकं लागेल तेव्हा हात रिकामे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने २०१८ पासून आणि आल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजने २०२४ पासून मेडिकलची ट्यूशन, म्हणजे शिक्षणाची फी, माफ केली आहे, पण त्या थोड्या जागांवर घराचा हिशेब बांधता येत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. घरचं उत्पन्न मध्यम असेल तर मोठी खाजगी विद्यापीठं राज्याच्या विद्यापीठापेक्षा स्वस्त पडू शकतात. हार्वर्डने २०२५ च्या शरदापासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली. म्हणून छापील फी बघून घाबरू नका. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, त्यात स्वतःचे आकडे टाका.

राज्याचाही मोठा परिणाम होतो. सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. टेक्सासमध्ये तर बाहेरच्यांना दहा टक्क्यांहून जास्त जागा देता येत नाहीत. कॅलिफोर्नियात अर्जदार इतके की बऱ्याच जणांना बाहेर जावं लागतं. पण टेक्सासला कॉलेज केलं म्हणून कुणी टेक्सासचं रहिवासी होत नाही. आईवडील जिथले, तिथलंच मूल साधारणपणे धरलं जातं.

बारावीनंतरच मेडिकलची जागा राखून ठेवणारे बीएस-एमडी कार्यक्रमही आहेत. ब्राऊनचा आठ वर्षांचा, कॉलेज ऑफ न्यू जर्सीचा सात वर्षांचा, कॅन्सस सिटीला मिझुरी विद्यापीठाचा सहा वर्षांचा. आपल्या मनातल्या एमबीबीएसच्या जवळ जाणारं हेच, म्हणून आपल्या घरांत त्यांची फार ओढ असते. जागा मूठभर असतात. मिळाली तर जीपीएची अट, एमकॅट लागतो का, आणि मध्येच सोडलं तर काय, एवढं वाचून मगच सही करा.

व्हिसावर असलेल्या मुलांसाठी

हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, कारण ज्यांना लागू आहे त्यांचं बाकी सगळं यावर अवलंबून आहे. आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मूल त्यावर अवलंबून असलेल्या एच-४ वर असेल, तर एकविसाव्या वाढदिवसाला ते एच-४ संपतं. भारतीयांच्या ग्रीन कार्डच्या रांगा माहीतच आहेत. तिसरीत असताना इथे आलेलं मूल ऐन कॉलेजात विद्यार्थी व्हिसावर जातं आणि मेडिकल स्कूलच्या लेखी परदेशी ठरतं. बरीच मेडिकल स्कूल, विशेषतः सरकारी, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांखेरीज कुणाचा अर्जच घेत नाहीत. जी घेतात त्यातली काही चारही वर्षांचे पैसे आधी दाखवा किंवा वेगळ्या खात्यात भरून ठेवा म्हणतात. सरकारी कर्ज तर मिळतच नाही.

अशा मुलांनी नववी-दहावीतच इमिग्रेशन वकिलाशी बोलावं, आणि परदेशी विद्यार्थ्यांना खरोखर घेणाऱ्या मेडिकल स्कूलची यादी हातात ठेवून मगच कॉलेज निवडावं. मेडिकलच्या अर्जासाठी मार्गदर्शन करणाऱ्या कॉलेजच्या प्री-हेल्थ सल्लागाराला सरळ विचारावं: गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडून व्हिसावरचं एक तरी मूल मेडिकलला गेलं का?

महाराष्ट्रातून बारावीनंतर मुलाला इथे प्री-मेडसाठी पाठवायचं म्हणणाऱ्या नातेवाइकांनाही मी हेच सांगते. अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करायचं असेल, तर तिथे 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन एमबीबीएस करणं, मग यूएसएमएलई ही इथली परवाना परीक्षा आणि इथली रेसिडेन्सी, ही वाट अवघड असली तरी हजारो भारतीय डॉक्टर तिने आले आहेत. परदेशी विद्यार्थी म्हणून प्री-मेड केलं, तर चार वर्षांचे पैसे संपल्यावर पुढचं दार मुळात उघडंच नव्हतं, असं कळू शकतं.

भाची इथली नागरिक आहे, तिला ही अडचण नव्हती. तिने ३० एप्रिलला रात्री जेवणानंतर रटगर्सची अनामत भरली. खाजगी विद्यापीठाचं नाव सोडताना तिला वाईट वाटलं आणि तिने ते लपवलं नाही. मग तिने पहिल्या सेमिस्टरचं वेळापत्रक काढलं: केमिस्ट्री, बायोलॉजी, कॅल्क्युलस, लेखन, दोन प्रयोगशाळा. माझ्या मुलाने फोनवरून ते ऐकलं आणि तिला म्हणाला, "बायोलॉजी दुसऱ्या सेमिस्टरला ढकलता येते का विचार. मी केमिस्ट्री, बायोलॉजी, कॅल्क्युलस तिन्ही एकदम घेतले होते." रात्री साडेदहाला तिने प्री-हेल्थ सल्लागाराला ईमेल लिहिला, मला वाचून दाखवला, स्पेलिंग तपासलं आणि पाठवून दिला.